विडी-सिगारेट सोडायची आहे? मग ‘पेन’ नको, गोळी चघळायला शिका!

दिवाळीच्या सुट्टीत किंवा गावच्या यात्रेला पुण्या-मुंबईची मुले घरी आली, की एखाद्याच्या खिशात पेनासारखी दिसणारी एक नळी असते. ती ओढली की पांढरी वाफ निघते, कधी आंब्याचा वास येतो, कधी पुदिन्याचा. राख नाही, काडेपेटी नाही. पारावर बसलेली वडीलधारी मंडळी हे कौतुकाने पाहतात आणि मग दवाखान्यात येऊन हळूच विचारतात, “डॉक्टरसाहेब, ते वाफेचं यंत्र घेतलं तर माझी विडी सुटंल का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विचारणारा माणूस बहुधा पन्नाशीच्या पुढचा असतो. तीस-तीस वर्षे विडी ओढलेली असते. पहाटेचा खोकला जात नाही, बांधावरून चालताना दम लागतो, शेजारच्या कुणाला तरी घशाचा नाहीतर फुप्फुसाचा कर्करोग झालेला त्याने पाहिलेला असतो. त्याला विडी मनापासून सोडायची असते, पण जमत नसते. अशा माणसाला नुसते “मनाचा निश्चय करा” म्हणून परत पाठवणे म्हणजे पाय मोडलेल्याला “जोर लावून चाला” म्हणण्यासारखे आहे. त्याला साधन हवे आहे. कोणते साधन घ्यावे, त्याची मात्रा कशी ठरवावी आणि ती कमी-जास्त कशी करावी, हे आज पाहू.

पेन का नको?

या नळीला ई-सिगारेट म्हणतात. चीनमधील होन लिक या औषधतज्ज्ञाने २००३ साली तिचा आजचा प्रकार तयार केला. आत एक बॅटरी, तारेचे एक वेटोळे आणि त्याभोवती कापसाची वात असते. वात एका द्रवात भिजलेली असते. त्या द्रवात ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, वासाची द्रव्ये आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ती माणूस आत ओढतो.

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांना डॉक्टर हे साधन सुचवतात, आणि तिथल्या अनुभवात त्याने अनेकांची सिगारेट सुटली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तिथे द्रवात निकोटिन किती असावे यावर सरकारी बंधन आहे. एक मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही आणि बाजारात येणाऱ्या मालाची नोंद करावी लागते.

आपल्याकडे गोष्ट वेगळी आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात या सर्वांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद आहे. नुसता साठा केल्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

म्हणजे आज आपल्या बाजारात जे ‘पेन’ मिळते ते चोरून आलेले असते. त्यावर काय लिहिले आहे आणि आत काय आहे, याचा मेळ घालणारे कुणी नाही. २०१९ साली अमेरिकेत फुप्फुसे अचानक निकामी होऊन २,८०० हून अधिक लोक रुग्णालयात दाखल झाले आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत त्यातील ६८ जण दगावले. तपासात दोष मुख्यतः गांजाचा अर्क असलेल्या, अनधिकृत मार्गाने मिळवलेल्या द्रवांवर आला. त्यांत ‘ई’ जीवनसत्त्वाचे तेलकट संयुग मिसळलेले होते. आत काय आहे हे ठाऊक नसलेली वस्तू फुप्फुसात ओढण्याचा धोका तो हाच. शिवाय या द्रवाची बाटली घरातल्या लहान मुलाच्या हाती लागली तर ते विषच आहे.

म्हणून वाचकहो, पेनाचा विचार सोडून द्या. जे काम त्याच्याकडून करून घ्यायचे आहे, तेच काम करणारे, कायदेशीर आणि औषधाच्या दुकानात मिळणारे साधन आपल्याकडे आहे. ते म्हणजे निकोटिनची चघळायची गोळी (लोक तिला च्युइंगम म्हणतात), चोखायची गोळी आणि अंगाला लावायची पट्टी.

“निकोटिन सोडायला निकोटिनच?”

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर समजून घेणे जरूर आहे, कारण ते न समजल्यामुळे अनेक जण गोळी भीतभीत, अर्धीमुर्धी घेतात आणि हरतात.

विडीच्या धुरात हजारो रसायने असतात. डांबरासारखा चिकट पदार्थ आणि त्यातील कर्करोगकारक द्रव्ये फुप्फुस, घसा, अन्ननलिका नासवतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातला प्राणवायू हिरावतो आणि हृदयावर ताण आणतो. निकोटिनचे काम वेगळे आहे. ते मेंदूला सवय लावते. ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ सालीच हा भेद स्पष्ट मांडला होता. माणूस ओढतो निकोटिनसाठी आणि मरतो धुरातल्या डांबरामुळे. निकोटिन अगदी निरुपद्रवी आहे असे नाही, पण कर्करोग आणि दम्याचा आजार हे धुराचे देणे आहे.

विडीचा झुरका घेतल्यापासून काही सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचते. हा झटकाच व्यसन पक्के करतो. गोळीतले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून सावकाश रक्तात जाते, त्याला वीस-तीस मिनिटे लागतात. पट्टीतले तर काही तासांनी पुरेसे साठते. झटका नाही म्हणून नवे व्यसन लागण्याचा संभव फार कमी, आणि रक्तात थोडे निकोटिन आहे म्हणून तलफ सुसह्य होते. दारातल्या पायरीवरून उडी मारण्याऐवजी उतरणीने उतरावे, तसे हे आहे.

पाणबुडीतले खलाशी आणि आपली तंबाखू

या गोळीचा जन्म गमतीदार आहे. स्वीडनमधील लुंड येथील संशोधक क्लेस लुंडग्रेन यांच्या लक्षात आले, की पाणबुडीत धूम्रपान करता येत नाही म्हणून तिथले खलाशी तंबाखू तोंडात धरतात आणि त्यांची तलफ भागते. १९६७ साली त्यांनी ही गोष्ट औषध कंपनीत काम करणारे आपले मित्र ओव्ह फेर्नो यांना पत्राने कळवली. फेर्नो यांनी तंबाखूशिवाय नुसते निकोटिन च्युइंगममध्ये घालण्याचा उद्योग सुरू केला. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये ही गोळी प्रथम विक्रीला आली.

फेर्नो यांच्यापुढची मोठी अडचण अशी होती, की तोंडातली लाळ आंबट असली तर निकोटिन त्वचेतून आत शिरत नाही. म्हणून त्यांनी गोळीत सोड्याच्या जातीचा क्षार घातला. ही युक्ती आपल्या माणसाला नवी नाही. तळहातावर तंबाखूला चुना कशासाठी लावतात? चुना क्षारधर्मी असतो, तो लावला की तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि लवकर ‘लागते’. युरोपातल्या प्रयोगशाळेत जे शोधावे लागले, ते आपला शेतकरी तळहातावर अंगठ्याने मळत आला आहे. दुर्दैव एवढेच, की तंबाखूबरोबर कर्करोगही मळला जातो. गोळीत निकोटिन आहे, तंबाखू नाही.

हे रसायन ध्यानात ठेवा. पुढे गोळी चघळण्याची जी रीत सांगितली आहे ती यावरच आधारलेली आहे.

आधी आपली मोजदाद करा

साधन निवडण्याआधी तीन-चार दिवस एका कागदावर लिहून ठेवा. दिवसात किती विड्या किंवा सिगारेटी होतात, आणि सकाळी उठल्यापासून किती मिनिटांनी पहिली ओढता.

यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. रात्रभरात रक्तातले निकोटिन उतरलेले असते. जो माणूस डोळे उघडताच उशाशी विडी चाचपतो, त्याची गरज मोठी. जो आंघोळ, नाष्टा आटोपून दहा वाजता पहिली ओढतो, त्याची गरज लहान.

उठल्यापासून ३० मिनिटांच्या आत पहिली ओढणाऱ्याला ४ मिलिग्रॅमची गोळी लागते. त्यानंतर ओढणाऱ्याला २ मिलिग्रॅमची पुरते. ४ मिलिग्रॅमच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. २ मिलिग्रॅमचीही आपल्या डॉक्टरांशी बोलूनच सुरू करावी, हे उत्तम.

विडी लहान म्हणून ती अर्धी सिगारेट धरू नका. विडीत तंबाखू कमी असते खरी, पण टेंभुर्णीच्या पानातून हवा आत येत नाही आणि विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला माणूस जास्त वेळा आणि जास्त खोल झुरके घेतो. त्यामुळे एका विडीतून मिळणारे निकोटिन आणि डांबर सिगारेटपेक्षा कमी नसते, बहुधा जास्तच असते. हिशेब करताना एक विडी म्हणजे एक सिगारेट धरा.

चघळायची रीत

दहा जणांनी गोळी आणली तर सात-आठ जण ती साध्या च्युइंगमसारखी कचाकचा चावतात. मग सगळे निकोटिन एकदम लाळेत उतरते आणि गिळले जाते. उचक्या लागतात, घसा चरचरतो, पोटात जळजळ होते. गिळलेले निकोटिन यकृतात बरेचसे नष्ट होते, म्हणजे त्रास होतो पण तलफ काही भागत नाही. “गोळी मला मानवत नाही” म्हणून माणूस ती फेकतो आणि पुन्हा विडी पेटवतो. गोळीला दोष देण्याआधी रीत बघा.

१) गोळी तोंडात टाकून सावकाश दहा-पंधरा वेळा चावा. मिरीसारखी तिखट चव किंवा जिभेला मुंग्या आल्यासारखे वाटले की थांबा.

२) आता ती गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्या, जशी तंबाखूची चिमूट ठेवतात तशी. चव जाईपर्यंत, साधारण एक मिनिट, चावू नका.

३) चव गेली की पुन्हा थोडे चावा, पुन्हा ठेवा, पण दर वेळी जागा बदला. असे सुमारे अर्धा तास चालते. मग गोळी कागदात गुंडाळून टाका. लहान मुले आणि जनावरे यांच्या वाटेत टाकू नका.

४) गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असताना चहा, कॉफी, सोडा, लिंबू सरबत, ताक घेऊ नका. ही पेये आंबट असतात, त्यामुळे गोळीतला क्षार वाया जातो आणि निकोटिन आत शिरत नाही. तोंड कोरडे पडले तर साध्या पाण्याने चूळ भरून घ्या.

५) तलफ येण्याची वाट पाहू नका. गोळी झटक्याने काम करत नाही. पहिले सहा आठवडे जागेपणी दर एक-दोन तासांनी एक गोळी घड्याळ लावून घ्या. सुरुवातीला दिवसाला नऊ-दहा गोळ्या लागतात. चोवीसपेक्षा जास्त कधीही घेऊ नका.

ज्यांना कवळी आहे त्यांना गोळी चिकटते. त्यांनी चोखायची गोळी घ्यावी. ती चावायची नसते आणि गिळायची तर नाहीच. तोंडात या गालातून त्या गालात फिरवत विरघळू द्यायची.

पट्टी कुणासाठी?

ट्रॅक्टर किंवा एस.टी. चालवणारा, शाळेत शिकवणारा, गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलणारा दुकानदार, यांना सारखी गोळी चघळणे अवघड जाते. त्यांच्यासाठी पट्टी सोयीची. रोज सकाळी एक पट्टी दंडावर किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी घट्ट दाबून लावायची आणि दुसऱ्या दिवशी जागा बदलून नवी लावायची.

दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याला सहा आठवडे २१ मिलिग्रॅम, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७, असा क्रम असतो. दहा किंवा कमी ओढणाऱ्याने १४ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून सहा आठवड्यांनी ७ वर यायचे आणि आणखी दोन आठवड्यांनी थांबायचे. पट्टीखाली थोडी खाज किंवा लाली येते, ती जागा बदलली की जाते. रात्री विचित्र स्वप्ने पडत असतील तर झोपताना पट्टी काढून ठेवा.

जुन्या, मुरलेल्या विडीबहाद्दरासाठी सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दोन्ही एकत्र. पट्टी दिवसभराचा पाया सांभाळते आणि अचानक उसळलेल्या तलफेला वरून एखादी २ मिलिग्रॅमची गोळी. एकट्या साधनापेक्षा ही जोडी जास्त यशस्वी ठरते, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच जुळवावी.

मात्रा कमी पडते आहे की जास्त होते आहे?

ई-सिगारेट वापरणाऱ्या देशांत नवख्यांची जी चूक दिसते, तीच आपल्याकडे गोळीच्या बाबतीत होते. भीतीपोटी माणूस कमी मात्रेने सुरुवात करतो. मग तलफ भागत नाही आणि चार दिवसांत तो जुन्या वाटेला लागतो.

मात्रा कमी पडत असेल तर चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही, सारखी भूक लागते, झोप मोडते आणि डोळ्यांपुढे विडीच नाचते. अशा वेळी आधी चघळायची रीत तपासा, मग गोळ्यांमधले अंतर कमी करा, आणि तरीही भागले नाही तर डॉक्टरांना विचारून ४ मिलिग्रॅमवर जा किंवा पट्टीची जोड द्या.

मात्रा जास्त होत असेल तर मळमळ, चक्कर, डोकेदुखी, घाम आणि छातीत धडधड होते. मग गोळी तोंडातून काढा, चूळ भरा, पट्टी असेल तर काढून जागा धुवा आणि पुढची मात्रा कमी करा. त्रास थांबला नाही तर लगेच दवाखाना गाठा. उचक्या आणि पोटातली जळजळ मात्र बहुधा मात्रेमुळे नसते, घाईने चावल्यामुळे असते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. पट्टी लावलेली असताना चुकून एखादी विडी ओढली तर लगेच हृदयविकाराचा झटका येतो, अशी समजूत पसरली आहे. ती खरी नाही. या भीतीने लोक पट्टीच काढून टाकतात आणि विडी चालू ठेवतात! घसरलात तर विडी फेका, पट्टी राहू द्या.

कमी कशी करायची?

सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, सातव्या ते नवव्या आठवड्यात दर दोन ते चार तासांनी, दहाव्या ते बाराव्या आठवड्यात दर चार ते आठ तासांनी एक गोळी. मग बंद. बाजारातली गोळी महाग वाटते ही तक्रार रास्त आहे. पण हा खर्च बारा आठवड्यांचा आहे, विडी-काडीचा जन्माचा. घरखर्चाच्या वहीत दोन्ही रकमा समोरासमोर मांडून बघा.

डॉक्टरांशिवाय सुरू करू नये असे लोक

गेल्या दोन आठवड्यांत हृदयविकाराचा झटका आलेले, छातीतले दुखणे वाढत चाललेले, हृदयाचे ठोके गंभीररीत्या अनियमित असलेले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील मुले यांनी स्वतःच्या मनाने काही घेऊ नये. जुना, स्थिर हृदयरोग असलेल्यांना मात्र विडीपेक्षा पट्टी कितीतरी सुरक्षित आहे.

दम्यासाठी थिओफिलीन घेणारे, मानसिक आजारावर क्लोझापिन किंवा ओलांझापिन घेणारे, तसेच इन्सुलिन घेणारे मधुमेही यांनी विडी सोडण्यापूर्वी डॉक्टरांना कळवावे. धूर बंद झाला की शरीरात या औषधांचा परिणाम बदलतो आणि मात्रा कमी करावी लागू शकते. गोळी व पट्टी लागू पडली नाही तर बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लीन अशी निकोटिनविरहित औषधेही आहेत, पण ती सर्वस्वी डॉक्टरांच्या देखरेखीखाली. फिट्स येणाऱ्याने बुप्रोपिऑन घेऊ नये.

गोळी अर्धे काम करते, अर्धे आपण करायचे

तलफेची एक लाट तीन ते पाच मिनिटांत ओसरते. ती कधी येते हे मोजदादीच्या कागदावर दिसेल. पहाटे परसाकडे जाताना, चहाबरोबर, जेवणानंतर, रात्री पिकाला पाण्याची पाळी धरताना, टपरीवर जुने सोबती भेटल्यावर. प्रत्येक वेळेला आधीच तोड काढून ठेवा.

“विडीशिवाय पोट साफ होत नाही” ही तक्रार खरी आहे. निकोटिनने आतडी हलतात, आणि विडी सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होते. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, रात्री पालेभाजी, भिजवलेल्या मनुका किंवा इसबगोल घ्या. दोन-तीन आठवड्यांत पोट नव्या वळणावर येते.

चहा निम्म्यावर आणा. धूर बंद झाल्यावर चहा-कॉफीतले कॅफीन शरीरात जास्त वेळ टिकते. तेवढाच चहा प्यायलात तर हात थरथरतात, झोप उडते आणि दोष मात्र विडी सोडण्यावर येतो.

पाण्याच्या पाळीला जाताना खिशात गोळी, भाजलेले हरभरे-शेंगदाणे, बडीशेप न्या. काडेपेटी घरी ठेवा. पहिले काही दिवस खोकला आणि कफ उलट वाढेल. फुप्फुसे आपली झाडलोट करत आहेत असे समजा. पण कफात रक्त आले, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला राहिला, वजन उतरले किंवा आवाज बसून राहिला तर थुंकी व छातीची तपासणी जरूर करा. विडी ओढणाऱ्यात क्षयरोगाचा धोकाही जास्त असतो.

विडी सोडण्याचा दिवस जाणून निवडा. घरचे लग्न, ऊसतोडीची घाई किंवा कोर्टाची तारीख असलेला आठवडा नको. त्या दिवशी घरातले उरलेले बंडल नष्ट करा. घरच्यांना सांगा आणि दोन-तीन आठवडे चिडचिड सोसण्याची विनंती करा. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण असतात.

मळून खाणाऱ्यांसाठी आणि मिश्रीसाठी

महाराष्ट्रात धुरापेक्षा तोंडातली तंबाखू जास्त आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचे आढळले. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपल्या जिल्ह्याला हे निराळे सांगायला नको. संगमनेरात तयार होणारी तंबाखूची पुडी राज्यभर जाते. नगर शहरात आणि संगमनेरात विड्या वळण्यावर पिढ्यान्‌पिढ्या कितीतरी बायकांची चूल पेटत आली आहे. त्यांच्या पोटाचा प्रश्न वेगळा आणि खरा आहे. पण आपल्या तब्येतीचा निर्णय आपल्यालाच घ्यायचा असतो.

तंबाखू खाणाऱ्यालाही गोळी-पट्टीची मदत होते. ज्याच्या तोंडाला चट्टे, जखमा आहेत किंवा ज्याचे तोंड आपलीच तीन बोटे उभी आत जातील इतके उघडत नाही, त्याने चघळायची गोळी न घेता पट्टी घ्यावी आणि आधी दंतवैद्याला तोंड दाखवावे. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही. मिश्री लावणाऱ्या भगिनींनी हे व्यसन नसून दात घासणे आहे असे समजू नये. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदरपणी ती लावल्याने मूल कमी वजनाचे होण्याचा धोका असतो.

मदत कुठे मिळते?

केंद्र सरकारने २०१६ साली तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. हाच क्रमांक पुड्यांवर आणि पाकिटांवर छापलेला असतो. त्या पुडीचा एवढा तरी उपयोग करून घ्या. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांतून समुपदेशन मिळते. तिथे चौकशी करा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना आणि आशाताईंना विचारा. दंत महाविद्यालयांतूनही असा सल्ला दिला जातो.

उशीर झाला, असे म्हणू नका

“आता साठी आली, आता सोडून काय उपयोग?” असे म्हणणाऱ्यांसाठी शेवटी एक हिशेब देतो. ब्रिटनमधील रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांच्या आयुष्यावर पन्नास वर्षे लक्ष ठेवले. २००४ साली त्यांनी निष्कर्ष मांडला. सिगारेट ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत तिशीत सोडणाऱ्याला सरासरी दहा, चाळिशीत सोडणाऱ्याला नऊ, पन्नाशीत सोडणाऱ्याला सहा आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही तीन वर्षे जास्त मिळाली. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्म्यावर येतो.

नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्या शंभरांपैकी वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात. गोळी-पट्टीची योग्य मात्रा घेतली तर ही शक्यता सुमारे दीडपटीने वाढते, आणि समुपदेशनाची जोड मिळाली तर आणखी. म्हणजेच पहिल्या खेपेला जमले नाही तर तो नामर्दपणा नव्हे. बहुतेक जणांची विडी दोन-चार प्रयत्नांनंतरच सुटते. मागच्या वेळी कुठे घसरलो, मात्रा कमी होती की रीत चुकली, हे कागदावर लिहा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा सुरुवात करा.